पाया खणण्याआधी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आयर्लंडमधल्या किल्केनी या गावातल्या माझ्या कामाविषयी लिहिले होते. जुन्या गावात कुणी घर, दुकान किंवा हॉटेल बांधायला काढले, की पाया खणण्याआधी त्या जागेत चाचणीचे चर घ्यायचे, खाली काय आहे ते पाहायचे आणि अहवाल द्यायचा, हे माझे काम. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकून मी इकडे आले आणि इथलीच झाले. त्या लेखावर पत्रे बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आयर्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची पत्रे आधी घेते, कारण त्यांची कामे अडलेली आहेत.

ताई, आम्ही दोघेही किल्केनीत नोकरी करतो. जुन्या तटबंदीच्या आतल्या भागात एक जुने घर घेतले आहे. मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवायचे आहे. एवढ्या छोट्या कामाला परवानगी लागत नाही असे सगळे सांगत होते. आता आर्किटेक्ट म्हणतो, पुरातत्त्ववाल्यांना विचारावे लागेल. तीन मीटरच्या स्वयंपाकघरासाठी हे खरेच लागते का?
– एक वाचक, किल्केनी

तुमचा आर्किटेक्ट बरोबर सांगतो आहे आणि वेळेवर सांगतो आहे. पुष्कळ घरमालकांना ही गोष्ट मिस्त्री दारात येऊन उभा राहिल्यावर कळते.

घराच्या मागे 40 चौरस मीटरपर्यंत वाढवायला इथे सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, हे खरे. पण ही सवलत सरसकट नाही. राष्ट्रीय स्मारक कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली आणि तिच्यानुसार देशभरातल्या माहीत असलेल्या पुरातत्त्वीय जागांची काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, यादी आणि नकाशे तयार झाले. या यादीत नुसते किल्ले आणि मठ नाहीत. किल्केनी, ड्रॉहेडा, वॉटरफर्ड, अॅथेनराय अशी जुनी गावेच्या गावे त्यात एकेक नोंद म्हणून आहेत आणि नकाशावर त्यांच्याभोवती रेघ ओढलेली आहे. त्या रेघेच्या आत जमीन हलवायची तर मालकाने काम सुरू करण्याच्या दोन महिने आधी मंत्र्यांना, म्हणजे प्रत्यक्षात राष्ट्रीय स्मारक सेवेला, लेखी कळवायचे असते. प्लॅनिंगची परवानगी लागो न लागो, ही सूचना वेगळी द्यावी लागते. शिवाय नोंदलेल्या जागेत खणकाम होणार असेल तर ती 40 चौरस मीटरची सवलतच लागू होत नाही, असेही घडू शकते. तुमच्या घराला सवलत आहे की नाही हे काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडून, लेखी घ्या. त्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. 2023 साली नवा वारसा कायदा मंजूर झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. तेव्हा अर्ज कराल त्या दिवशी कोणता नियम चालू आहे, तेही त्याच वेळी विचारा.

आता तीन मीटरच्या स्वयंपाकघराकडे येते. विल्यम मार्शल या अँग्लो-नॉर्मन सरदाराने 1207 साली किल्केनीला गावाच्या हक्कांची सनद दिली. मध्ययुगात आखलेले इथले भूखंड हाय स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना आजही ओळखू येतात. पुण्याच्या पेठेतल्या वाड्यांसारखे ते आहेत: रस्त्याकडे तोंड अरुंद आणि आत खोलच खोल. पुढे दुकान आणि राहते घर, मागे स्वयंपाकघर, कारागिराची जागा, विहीर, उकिरडा, संडासाचा खड्डा. पुढची घरे नंतरच्या काळात पाडून पुन्हा बांधली गेली, त्यांच्याखाली तळघरे खणली गेली आणि तिथले जुने थर बहुतेक गेले. मागची अंगणे मात्र कुणाला खोल खणायची गरजच पडली नाही. किल्केनीच्या रोजच्या जगण्याचा पुरावा आज सगळ्यात जास्त कुठे शिल्लक असेल, तर तुमच्यासारख्यांच्या परसात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर रविवारी रोथ हाउसमध्ये जाऊन या. जॉन रोथ या व्यापाऱ्याने 1594 मध्ये बांधायला घेतलेले ते घर आहे. तीन इमारती एकामागे एक, मध्ये चौक, आणि मागे बाग थेट गावाच्या तटापर्यंत. बागेच्या जागी आधी उत्खनन झाले आणि मग सतराव्या शतकातल्या पद्धतीची बाग 2008 साली खुली झाली. रस्त्यापासून तटापर्यंतचा सगळा भूखंड तिथे पायी चालून पाहता येतो. तुमचे परसही असाच एक तुकडा आहे, हे तिथे उभे राहिले की पटते.

तुमच्या कामाला बहुधा पूर्ण चाचणी सांगणार नाहीत. लहान वाढीव बांधकामात अनेकदा एवढेच सांगतात, की पायाचे चर खणताना परवानाधारक पुरातत्त्वज्ञ तिथे उभा असावा. पण नकाशे पक्के होण्याआधी त्याला बोलवा. पाया कुठे आणि किती खोल घ्यायचा हे तेव्हा बदलता येते. काँक्रीटची गाडी ठरवून झाल्यावर आम्हाला बोलावले तर आम्हीही फार काही करू शकत नाही.

चाचणीत नेमके काय करतात? आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेत एक दिवस जेसीबी आला, दोन लांब चर खणले, चार माणसे वाकून बघत होती, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बुजवून निघून गेले. काही सापडले की नाही तेही कळले नाही.
– वाचक, लिमरिक

तुम्ही पाहिलेत तो कामाचा मधला भाग. त्याआधी कागदावरचे काम होऊन गेलेले असते. किल्केनीत आम्ही जॉन रॉक याचा 1758 चा नकाशा उघडतो, मग एकोणिसाव्या शतकातले सर्व्हेचे नकाशे, आसपासच्या जागांचे जुने उत्खनन अहवाल. कुठे विहीर दाखवली आहे, कुठली भिंत दोनशे वर्षांत जागची हललेली नाही, ते पाहून चर कुठे घ्यायचे हे ठरते. परवाना माणसाच्या नावाने मिळतो, कंपनीच्या नावाने मिळत नाही. 1930 च्या राष्ट्रीय स्मारक कायद्यापासून ही पद्धत चालत आलेली आहे. त्यासाठी आधी कामाची पद्धत लिहून द्यावी लागते. पुढचा खर्च करायला मालक तयार आहे, असे पत्रही जोडावे लागते.

प्रत्यक्ष दिवशी यंत्राची दाताची बकेट काढून सपाट, बिनदाती बकेट लावायला सांगते. दात मातीत चरे पाडतात आणि थरांचे रंग एकमेकांत मिसळतात. चर साधारण दोन मीटर रुंद. चालक एका वेळी जेमतेम चार बोटे माती काढतो आणि मी बकेटच्या बाजूला उभी असते. चांगला चालक असेल तर माझा हात वर जायच्या आत थांबतो; मातीचा आवाज बदलला हे त्याला आधी कळते. अशा चालकांकडून मी जेवढे शिकले, तेवढे फार थोड्या पुस्तकांतून शिकले.

वर काँक्रीट किंवा फरशी. खाली विटांचा राडारोडा. मग काळी, भुसभुशीत बागेची माती लागते. पिढ्यान्‌पिढ्या घरामागे राख, शेण आणि स्वयंपाकघरातला कचरा टाकून झालेली. तिच्यात कालवांचे शिंपले, गुरांची हाडे, निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे आणि पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्या. त्या नळ्या मला फार उपयोगी पडतात. तंबाखू युरोपात आली सोळाव्या शतकात. म्हणून ज्या थरात चिलमीची नळी आहे, तो थर त्याआधीचा असू शकत नाही. नळ्या संपल्या की मी यंत्राला अजून हळू जायला सांगते.

मग एखाद्या ठिकाणी मातीचा रंग फिरतो. तपकिरी मुरूम असायला हवा तिथे हिरवट, ओलसर, चिकट माती दिसते आणि तिच्या कडा गोल असतात. तिथे यंत्र बाजूला जाते आणि ट्रॉवेल, म्हणजे लहान थापी, हातात येते. गुडघ्यावर बसून पृष्ठभाग खरवडला की खड्ड्याची कड स्पष्ट होते. बहुतेक वेळा तो मध्ययुगातला संडास असतो. त्याचा थोडासा भाग उभा छेदून पाहायचा आणि मातीचा नमुना पिशवीत भरायचा. तो नमुना पाण्यात धुऊन बारीक चाळणीतून काढला की ब्लॅकबेरीच्या, स्ट्रॉबेरीच्या बिया मिळतात, कधी अंजिराच्याही. अंजीर जहाजातून आलेले. बियांबरोबर पातळ, फिकट मातीचा, गर्द हिरव्या झिलईचा खापराचा तुकडा मिळाला, तर तो नैर्ऋत्य फ्रान्समधल्या सँतोंज भागातला. बोर्दोहून दारूची पिंपे यायची, त्यांच्याबरोबर ही भांडी यायची. नोर नदीकाठच्या या गावात कुणाच्या तरी घरी फ्रान्सची दारू फ्रान्सच्याच सुरईतून ओतली जात होती, हे आपल्याला एका संडासाच्या खड्ड्यामुळे कळते. मला याचे अजूनही अप्रूप वाटते.

चाचणीत आम्ही तो खड्डा रिकामा करत नाही, आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी सगळे बुजवलेले दिसले त्याचे कारण हेच. चाचणीचे काम विचारण्यापुरते: आहे का, किती खोलीवर, कोणत्या काळाचे, किती शाबूत? फोटो, आराखडे, समुद्रसपाटीपासूनची उंची, सगळे नोंदवून वर कापड अंथरायचे आणि माती परत लोटायची. अहवालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो तो म्हणजे पुरातत्त्वीय थर जमिनीखाली किती मीटरवर सुरू होतो. इंजिनिअरला तोच हवा असतो.

काही सापडले की नाही, हे तुम्हालाही कळू शकते. प्लॅनिंगच्या अर्जाबरोबर अहवाल जोडलेला असेल तर ती फाइल काउन्सिलमध्ये कुणालाही पाहता येते. अर्ज दाखल झाल्यापासून पाच आठवड्यांत 20 युरो भरून कुणीही आपले म्हणणे लेखी मांडू शकते. शेजाऱ्यांनी हा हक्क वापरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

माझे पती बांधकाम व्यवसायात आहेत. त्यांच्या माणसांत एकच भीती असते: काही सापडले की काम कायमचे बंद, आणि खर्च आपल्याच माथी. हे कितपत खरे?
– वाचक, ड्रॉहेडा

खर्च बांधणाऱ्याच्या माथी, हे पूर्ण खरे. काम कायमचे बंद, हे अगदी क्वचित.

युरोपीय देशांनी 1992 साली माल्टातल्या व्हॅलेटा इथे पुरातत्त्वीय वारशाचा करार केला. आयर्लंडने तो 1997 मध्ये स्वीकारला. 1999 साली सरकारने धोरण जाहीर केले, त्यातही तेच सूत्र आहे: जो जमीन हलवणार, त्याने तिथला पुरावा नोंदवण्याचा खर्च करायचा. शक्य असेल तिथे पुरावा जागच्या जागी राहू द्यायचा, हा पहिला पसंतीक्रम. त्यासाठी इमारत सोडून द्यावी लागत नाही. जोते थोडे वर घेता येते, खोल पायाऐवजी वरच्या थरातच सलग काँक्रीटची तराफ्यासारखी पाटी घालता येते, पाइल्सच्या, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांच्या, जागा हलवता येतात. तटबंदीचा भाग निघाला तर तिथे इमारत न आणता मोकळी जागा ठेवता येते. यातले काहीच जमत नसेल तर त्या तुकड्याचे पूर्ण उत्खनन होते आणि मग बांधकाम पुढे जाते.

खर्च फुगतो तो खणण्यापेक्षा खणल्यानंतरच्या कामात. हाडे पाहणारा वेगळा, खापरे पाहणारा वेगळा, काळ ठरवण्यासाठी कार्बन चाचण्या, ओल्या लाकडावर आणि चामड्यावर प्रक्रिया. म्हणून तुमच्या पतींना सांगा, जागा विकत घेण्याआधी चाचणी करून घ्यावी. तिचा खर्च पुढच्या मानाने थोडा असतो आणि जागेच्या किमतीत घासाघीस करायला तो अहवाल हातात राहतो.

उशिरा बघितले की काय होते, हे डब्लिनने वुड क्वे इथे पाहिले. लिफी नदीच्या काठी महापालिकेची कार्यालये बांधायची होती. 1974 पासून तिथे उत्खनन चालू झाले आणि व्हायकिंग काळातले डब्लिन निघू लागले: कुडाच्या भिंतींची घरे, वाटा, कुंपणे, नदीकाठचे लाकडी बांध. ओल्या मातीत सगळे टिकून राहिलेले. जागा मात्र आधीच ठरून गेली होती. एफ. एक्स. मार्टिन हे धर्मगुरू आणि इतिहासाचे प्राध्यापक पुढे झाले, न्यायालयाने 1978 मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारक ठरवले आणि त्याच सप्टेंबरात सुमारे 20,000 लोक रस्त्यावर उतरले. तरीही कार्यालये तिथेच उभी राहिली. उत्खनन 1981 पर्यंत घाईघाईत जमेल तेवढे झाले. इथल्या माझ्या व्यवसायातल्या लोकांच्या मनाला ती गोष्ट अजून लागून आहे. बांधण्याआधी पाहा, हा आग्रह इथे एवढा पक्का का आहे ते वुड क्वेमुळे समजते.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ती इथे लिहून ठेवते. शंभर खोल्यांचे हॉटेल बांधणारा आणि आजीच्या घराला न्हाणीघर जोडणारा, खर्चाच्या बाबतीत दोघांनाही एकच माप लावले जाते. हॉटेलवाल्याच्या हिशेबात चाचणी दिसतही नाही. घरमालकाचे वर्षाचे नियोजन तिच्यापायी कोलमडते. जुन्या गावात राहून ती घरे टिकवणाऱ्या लहान कुटुंबांच्या चाचणीचा भार सरकारने उचलावा, असे माझे ठाम मत आहे. लोक घाबरून गुपचूप खणायला लागले तर सगळ्यांचेच नुकसान होते.

तुमच्या लेखात शॉपिंग सेंटरच्या जागी दुष्काळातली थडगी निघाल्याचा एका ओळीत उल्लेख होता. ती हकीकत सविस्तर लिहाल का? मी शाळेत इतिहास शिकवते.
– एक शिक्षिका, नागपूर

बाई, ती एका ओळीत लिहिण्यासारखी गोष्ट नव्हतीच.

किल्केनीत रेल्वे स्टेशनला लागून जुन्या वर्कहाउसची इमारत आहे. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात जेवण आणि छप्पर देणारी सरकारी जागा. कुटुंब आत आले की नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या भागांत ठेवली जात. किल्केनीचे वर्कहाउस 1842 मध्ये सुरू झाले, सुमारे 1,300 माणसांसाठी. तीन वर्षांनी बटाट्यावर रोग पडला. गरीब आयरिश कुटुंब बटाट्यावरच जगत होते, त्यामुळे 1845 पासूनची ती वर्षे महादुष्काळाची ठरली. 1851 पर्यंत या इमारतीत चार हजारांवर माणसे कोंबलेली होती. टायफसचा ताप पसरला. गावातल्या दफनभूमी भरल्या. तेव्हा वर्कहाउसच्याच आवाराच्या एका कोपऱ्यात मोठे खड्डे घेऊन माणसे पुरली गेली, 1847 ते 1851 या काळात.

पुढे ही जागा विस्मरणात गेली. वर दगड नव्हता, नकाशावर खूण नव्हती. या शतकात तिथे मॅकडोना जंक्शन नावाचे शॉपिंग सेंटर उभे राहणार होते आणि बांधण्याआधीच्या पुरातत्त्वीय कामात 2005 साली ती थडगी सापडली. 2006 मध्ये पूर्ण उत्खनन झाले. 63 खड्डे आणि त्यांत किमान 970 माणसे. निम्म्याहून जास्त मुले.

तुमच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी जरूर सांगा. पहिली अशी, की माणसे खड्ड्यात भिरकावलेली नव्हती. साध्या लाकडी पेट्यांत ठेवून त्या एकावर एक रचलेल्या होत्या. रोज इतके मृत्यू होत असताना कुणीतरी प्रत्येकासाठी पेटी ठोकत होते. दुसरी गोष्ट हाडांतून कळली. अनेकांच्या हाडांवर स्कर्व्हीच्या, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाच्या, खुणा होत्या. बटाट्यात सी जीवनसत्त्व असते. बटाटा गेला आणि त्याच्या जागी मक्याचे पीठ आले, पोटात काहीतरी पडले, पण ते जीवनसत्त्व मिळेना. कागदपत्रांत ताप आणि जुलाब यांच्या नोंदी आहेत. या कमतरतेने लोक किती पोखरले गेले होते ते हाडांनी दाखवले. मोठ्या माणसांच्या दातांत चिलमीची नळी धरून धरून पडलेल्या गोल खाचा होत्या. उपाशी माणसाचा तेवढाच एक विरंगुळा. मी खाचा पडलेले दात इतर कामांत हाताळले आहेत. अशा दाताकडे पाहताना समोर आकडा राहत नाही, एक माणूस दिसतो.

याच गावात पाचशे वर्षे आधी, 1348–49 च्या प्लेगमध्ये, जॉन क्लिन नावाचा फ्रान्सिस्कन साधू मरणाऱ्यांच्या नोंदी ठेवत होता. आपल्यानंतर कुणी जगले तर त्याने लिखाण पुढे न्यावे, म्हणून त्याने चर्मपत्राची कोरी पाने सोडली. वर्कहाउसमधल्या या माणसांसाठी तसे लिहिणारे कुणी नव्हते. त्यांच्याविषयी आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे त्या खणकामातून आले.

अभ्यास झाल्यावर 2010 साली सर्वांना जवळच केलेल्या स्मृती-उद्यानात पुन्हा पुरण्यात आले. शॉपिंग सेंटरही झाले; वर्कहाउसची जुनी इमारत त्यात सामावलेली आहे. मला विचाराल तर खरेदीला येणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या उद्यानात दोन मिनिटे जावे.

नियमही सांगून ठेवते, कारण दुसऱ्या एका पत्रात तो विचारला आहे. मानवी हाड दिसले की काम तिथेच थांबते. हाड झाकायचे आणि पोलिसांना, म्हणजे इथल्या गार्डांना, कळवायचे. ते जुने आहे याची खात्री झाली की राष्ट्रीय स्मारक सेवा आणि राष्ट्रीय संग्रहालय पुढचे ठरवतात. मजुराने हाड उचलून बाजूला ठेवले तर त्याची जागा हरवते, आणि जागेशिवाय त्या हाडाचे फारसे काही सांगता येत नाही.

मी कॉर्कमध्ये नोकरी करतो. मित्राने वाढदिवसाला मेटल डिटेक्टर दिला आहे. शनिवार-रविवारी शेतात फिरवला तर चालेल का? काही सापडलेच तर संग्रहालयाला देईन.
– वाचक, कॉर्क

नको. पुरातत्त्वीय वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायला इथे 1987 च्या कायद्याने आधी लेखी संमती लागते, आणि नोंदलेल्या जागेत तर तो नुसता बाळगणेही गुन्हा ठरू शकते. 1980 मध्ये टिपरेरी काउंटीत डेरीनाफ्लन इथे डिटेक्टरवर एक चांदीचा चषक आणि त्याबरोबरची पूजेची भांडी सापडली. ती कुणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल राज्याच्या बाजूने लागला आणि 1994 च्या कायद्यात ते तत्त्व पक्के झाले: मालक माहीत नसलेली पुरातत्त्वीय वस्तू राज्याची. बागेत खणताना तुम्हाला अशी वस्तू मिळालीच, तर 96 तासांच्या आत राष्ट्रीय संग्रहालयाला कळवायचे आणि शक्यतो ती हलवायची नाही. डेरीनाफ्लनची भांडी डब्लिनला किल्डेअर स्ट्रीटवरच्या संग्रहालयात आहेत. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. एखाद्या रविवारी जाऊन या.

आमच्या पैठणला कुणी घर बांधायला पाया खणला की खापरे, मणी निघतात. मुले खेळायला नेतात. तुमच्या तिकडच्यासारखी चाचणी इथे का होत नाही?
– वाचक, पैठण

सातवाहनांच्या राजधानीतून हा प्रश्न यावा, याने मन हलले. आपला 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित स्मारकाभोवती उभा आहे. 2010 च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आले. आयर्लंडमध्ये संपूर्ण गावाभोवती रेघ आहे. आपल्याकडे ती मंदिराभोवती किंवा किल्ल्याभोवती आहे. स्मारक सोडून जुन्या वस्तीची जी जमीन आहे, तिच्यात पाया घेण्याआधी चाचणी करायचे बंधन सामान्य घरमालकावर नाही. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, पण तो वस्तू सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा. खणण्याआधी पाहण्याविषयी तो काही सांगत नाही.

कायदा बदलेपर्यंत एक काम तुम्ही करू शकता. शेजारी कुणी पाया खणत असेल तर त्याच्या परवानगीने खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा फोटो काढा. शेजारी मीटरची पट्टी उभी धरा. तारीख, गल्ली, मालकाचा गट क्रमांक आणि कोणती वस्तू किती खोलीवर निघाली हे वहीत लिहा. मणी गेला तरी एवढी नोंद अभ्यासकाच्या उपयोगी पडते. मी स्वतः अशा वह्या वाचायला तयार आहे. मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.

मी डेक्कन कॉलेजात एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्यासारखे काम करायचे असेल तर आत्तापासून काय शिकू?
– एक विद्यार्थिनी, पुणे

छेद, म्हणजे चराच्या उभ्या भिंतीत दिसणारे थर, वाचायला शीक. उत्खननावर जाशील तेव्हा वस्तू निघते त्या खड्ड्याभोवती सगळे गोळा होतात; तू चराच्या भिंतीसमोर बस आणि थर हाताने कागदावर काढ. आता मोजणी यंत्रे करतात, पण थर कुठे संपतो हे ठरवायचे आपल्यालाच असते. मातीला हात लावून ती रेताड, चिकण की गाळाची हे सांगता आले पाहिजे. प्राण्यांची हाडे ओळखण्याचा अभ्यास तुमच्याकडे उत्तम होतो, तो सोडू नकोस. अहवाल छोट्या वाक्यांत लिहायची सवय लाव. तो आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि काउन्सिलचा अधिकारी वाचणार असतो. इकडे येऊन आधी काही वर्षे दुसऱ्यांच्या परवान्याखाली काम करावे लागेल. स्वतःच्या नावाचा परवाना मिळण्यासाठी अनुभव दाखवून मुलाखत द्यावी लागते, आणि तीत आयरिश खापरे, इथला कायदा आणि इथली माती यांवर प्रश्न विचारतात. पावसात काम करायची तयारी ठेव. चांगले बूट पुण्याहून आणू नकोस, इथेच घे.